विहीर मोजायचा पेपर

हे लिहायचं मी फार वर्षं टाळलं. सर निवृत्त झाले तेव्हा गौरव अंकासाठी माझ्याकडे लेख मागितला होता. मी पाठदुखी सांगितली. सर गेले तेव्हा स्मरणिकेसाठी मागितला. तेव्हा पाठदुखी चालली नाही, म्हणून पाऊण पान दिलं. त्यात ‘ऋषितुल्य’ होतं, ‘विद्यार्थिप्रिय’ होतं, ‘ज्ञानाचा अखंड झरा’ही होता. सरांच्या हाती ते पान पडलं असतं तर लाल पेन्सिलीने तिन्ही शब्द खोडून त्यांनी समासात लिहिलं असतं, ‘म्हणजे हा माणूस करत काय होता?’

आता मी ऐंशीच्या पुढे आहे. ज्या एका बैठकीबद्दल मला लिहायचंय, तिला हजर असलेल्यांपैकी मी एकटा उरलोय. मी बोललो नाही तर त्या बैठकीबद्दल फक्त कागद बोलेल, आणि तो कागद खोटा आहे. मला खात्री आहे, कारण तो मीच लिहिलाय.

पण आधी एक सांगून ठेवतो. हा माणूस असह्य होता. माझ्या हातून अपराध झाला म्हणून त्यांना संतपण द्यायला मी तयार नाही.

आमचा दोघांचा विषय भूगोल. सर माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे, फुलंब्रीकडच्या शेतकरी घरातले. बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच. कुलगुरूंसमोरही ‘लई’ आणि ‘नाय’. शहरातल्या एका कॉलेजात ते शिकवत आणि शिवाय विद्यापीठाने त्यांना एक जादा काम दिलं होतं. जिन्याखालच्या एका खोलीवर ‘अध्यापन सुधार कक्ष’ अशी पाटी लावून त्यांना तिथे बसवलं होतं. प्राध्यापकांनी नीट कसं शिकवावं, अभ्यासक्रम कसा आखावा, याचा सल्ला द्यायचा. विद्यापीठाची कल्पना अशी की कुणी सल्ला मागायला आलं तर सरांनी द्यावा. कुणी येणार नाही हे सरांना पहिल्याच आठवड्यात कळलं. मग ते स्वतः जाऊ लागले.

जाऊ लागले म्हणजे कुणाच्याही तासाला न सांगता मागच्या बाकावर जाऊन बसू लागले. कॅनव्हासचे बूट काढून बाकावर मांडी घालायची, खिशातून भुईमुगाच्या शेंगा काढायच्या आणि ऐकायचं. तास रंगला तर शेंगा मुठीत तशाच राहत. कंटाळा आला की एक शेंग फुटे. टप्प. पोरांना हे कळायला वेळ लागला नाही. सगळा वर्ग माझ्याकडे तोंड करून बसलेला आणि कान मागे. मी वाऱ्यांच्या दिशा सांगतोय आणि मागून टप्प, टप्प. आमच्या विभागाचा शिपाई तास सुरू होण्याआधी दारातून डोकावून मला सांगायचा, “साब, वो पीछे आके बैठे. आज मूंगफली बहुत लाए.”

तास संपला की सर दारात उभे राहत. बाहेर पडणाऱ्या तीन पोरांना धरायचं, विचारायचं आणि उत्तर जसंच्या तसं चिठ्ठीवर लिहायचं. ती चिठ्ठी शिकवणाऱ्याच्या हातात द्यायची. स्वतःचं मत एका शब्दानेही सांगायचं नाही. माझ्या एका तासानंतरचं संभाषण मी दाराआडून ऐकलं आहे.

“काय रं, आत काय झालं आत्ता?”

“लेक्चर झालं, सर.”

“ते दिसलं. कशावर झालं?”

“पावसावर.”

“मग, पावसाचं काय कळलं?”

पोरगा घुटमळला. “सर लई छान बोलतात.”

“व्हय, पण काय बोलले?”

“ते नाय सांगता यायचं. पण छान बोलतात.”

हे सगळं मोठ्या, गोल अक्षरात लिहून त्यांनी मला दिलं आणि सायकलवर बसून निघून गेले. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो आणि आपण उत्तम वक्ते आहोत अशी माझी समजूत होती. ती चिठ्ठी मी फाडली. पण मजकूर आजही पाठ आहे, म्हणजे फाडून उपयोग झाला नाही. पुढे मी जे केलं त्यात या चिठ्ठीचा वाटा किती, हे मला नक्की सांगता येणार नाही. काहीच नव्हता असं मात्र म्हणवत नाही.

माझ्यावर जे गुदरलं ते सौम्यच. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या नोट्स पिवळ्या पडून कडा झडायला आल्या होत्या. गृहस्थ त्याच नोट्स दरवर्षी लिहून द्यायचे. सरांनी चौकशी करून त्या पहिल्यांदा कधी वापरल्या ते शोधलं आणि एके दिवशी स्टाफरूममध्ये पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. आम्हाला वाटलं, घरी काही शुभकार्य आहे. आम्ही पेढे तोंडात टाकल्यावर म्हणाले, “आज यांच्या नोट्सला पंचवीस वर्षं झाली. लग्नाच्या वयाच्या झाल्या. आता उजवा की त्यांना.” ते सहकारी नंतर वर्षभर सरांशी बोलले नाहीत. पेढा खाल्ला म्हणून आमच्याशीही चार महिने बोलले नाहीत.

अभ्यासक्रमातले काही शब्द दिसले की सरांना अंगावर पाल पडल्यासारखं होई. ‘ओळख’, ‘आढावा’, ‘समजून घेणे’. “समजून घेतलं ते तुला कसं दिसलं? पोराच्या कपाळावर उमटतं का?” अभ्यासक्रमाच्या प्रत्येक ओळीत पोरगं काय करेल ते लिहायचं, असा त्यांचा हट्ट. मोजेल, काढेल, जोडेल, सांगेल. ज्या गोष्टीकडे बोट दाखवता येतं तेवढंच. एका उन्हाळ्यात त्यांनी भूगोलाचा सगळा अभ्यासक्रम असा नव्याने लिहायला घेतला आणि मला मदतीला बसवलं. चाळीस पानांसाठी आम्ही दोन महिने भांडलो. ‘मराठवाड्याच्या हवामानाची ओळख’ एवढी एक ओळ होती, तिच्यावर तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी वैतागून म्हणालो, “सर, ओळख तर ओळख. सोडा ना.” ते म्हणाले, “ओळख पाहुण्यांची करून देतात. हे हवामान पोरांच्या घरात राहतंय.” ते बरोबर होतं, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

एका वर्षी त्यांनी कॉलेजच्या पहिल्याच दिवशी वर्गात चाचणी परीक्षेचा पेपर वाटला. पेपर म्हणजे खरा पेपर, ऑक्टोबरात द्यायचा तो. प्राचार्यांपर्यंत बातमी गेली की पेपर फुटला. सरांना बोलावलं. ते शांतपणे म्हणाले, “फुटला कुठं? मी वाटलाय. काय यायला पायजे ते पोरांना आधी कळू द्या की. लपवायला तो काय खजिना आहे?” गंमत अशी की ऑक्टोबरात तोच पेपर आला आणि अर्धा वर्ग नापास झाला. त्यात एक प्रश्न होता, ‘तुमच्या घरापासून कॉलेजपर्यंतच्या उताराची दिशा स्वतः पाहून नकाशा काढा.’ चार महिने हातात प्रश्न असूनही पोरांनी उत्तर कुठल्या पुस्तकात मिळतंय का तेवढंच शोधलं होतं. पालकांनी सरांची तक्रार दोन्ही बाजूंनी केली. पेपर आधी दिला म्हणून एकदा, आणि अवघड काढला म्हणून एकदा.

घरी बोलवावं असाही हा माणूस नव्हता. जालना रोडच्या बाजूला ज्वारीच्या शेतांत प्लॉट पडत होते, चिकलठाण्याकडे कारखाने वाढत होते, आणि तशाच एका नव्या वसाहतीत मी घर बांधलं. वास्तुशांतीला सरांना बोलावलं. नळ आलेला नव्हता, टँकर एक दिवसाआड यायचा आणि त्या दिवशी तोही आला नव्हता, त्यामुळे बायको आधीच चिडलेली. पोथी संपली आणि सर गुरुजींना म्हणाले, “गुरुजी, एक विचारू? ही कथा ऐकून ही मंडळी उद्या काय वेगळं करतील?”

गुरुजी मुरलेले होते. म्हणाले, “उद्याचं माहीत नाही. आत्ता प्रसाद घेतील. तुम्हीही घ्या.”

सर खळखळून हसले आणि खिशातून चिठ्ठी काढून ते उत्तर लिहून घेतलं. “पहिला मास्तर भेटला ज्यानं सरळ उत्तर दिलं.” मंडळी गेल्यावर बायकोने मला बजावलं, “तुमच्या त्या सरांना पुन्हा कार्याला बोलवायचं नाही.” मी बोलावलंही नाही.

असा हा माणूस. आता त्या बैठकीकडे येतो.

मी तेव्हा भूगोलाच्या अभ्यास मंडळाचा सचिव होतो. विद्यापीठात कोणता पेपर शिकवायचा, कोणता काढायचा, हे या मंडळात ठरतं, आणि काय ठरलं ते सचिव लिहितो. त्याला इतिवृत्त म्हणतात. सर मला यावरून ‘मुन्शी’ म्हणायचे. “मुन्शी, लिही. न लिहिलं तर तुला काय काम?” आणि स्वतः मात्र एकही इतिवृत्त कधी वाचायचे नाहीत. “जे झालं ते मी पाहिलंय. वाचू कशाला?” म्हणायचे. दुसऱ्यांच्या नोट्सचं वय काढणाऱ्या माणसाने आपल्याबद्दल लिहिलेला एक कागद वाचू नये, याला काय म्हणावं? त्यांनी तो एकदा जरी वेळेवर वाचला असता तर माझी सुटका झाली असती. हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

इतिवृत्ताची एक रीत होती. बाहेरच्या माणसाला ती विचित्र वाटेल, आम्हाला कधी वाटली नाही. इतिवृत्त बैठकीच्या आदल्या दिवशीच तयार असे. सदस्य बीड, जालना, उस्मानाबादेहून एसटीने यायचे आणि बैठक संपली की बस गाठायला पळायचे. म्हणून अध्यक्ष आधीच सांगत, कोणत्या विषयाचं काय होणार. मी तसं लिहून प्रती छापायला स्टेन्सिल कापून घेई. सदस्य आल्या आल्या हजेरीबरोबर शेवटच्या पानावर सह्या करत आणि मग आत जाऊन चर्चा करत. चर्चा बहुतेक वेळा कागदाप्रमाणेच होई. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

पाठोपाठ दोन दुष्काळ पडले होते. त्या वर्षी सरांनी नव्या पेपरचा प्रस्ताव आणला. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावातली एक विहीर धरायची. दर पंधरा दिवसांनी तिच्यातलं पाणी किती खोल गेलं ते मोजायचं, वर्षभराची रेघ काढायची, आणि त्या रेघेवरून पुढच्या तीन महिन्यांचा अंदाज गावाला चावडीवर सांगायचा. पाठ करण्यासारखं काही नाही. आणि शंभरातले वीस गुण गावकऱ्यांनी द्यायचे.

अध्यक्ष मला म्हणाले, “मी समजावतो त्यांना. ते आपणहून मागे घेतील. तसंच लिहा.” मी लिहिलं, ‘विषय क्रमांक चार. साधकबाधक चर्चेअंती प्रस्तावकांनी प्रस्ताव स्वेच्छेने मागे घेतला.’

बैठकीत सरांनी प्रस्ताव वाचलाच नाही. उठले आणि म्हणाले, “चला.” सगळ्यांना घेऊन इमारतीमागच्या जुन्या विहिरीवर गेले. सायकलच्या कॅरियरला दोर बांधलेला होता, मीटरमीटरवर गाठी मारलेला, टोकाला दगड. दोर त्यांनी बीडच्या प्राध्यापकांच्या हातात दिला. “सोडा आत. किती खोल आहे सांगा.”

पन्नाशीतली माणसं ती. बीडचे गृहस्थ गुडघ्यावर बसले. जालन्याच्या बाई पदर खोचून काठाशी वाकल्या आणि म्हणाल्या, “दोराचा दगड तळाला टेकला की पाण्याला, कसं ओळखायचं?” मग वाद पेटला. मोजायचं काठापासून की जमिनीपासून? बीडचे म्हणाले काठापासून, जालन्याच्या बाई म्हणाल्या, “काठ उद्या कुणी बांधून उंच केला तर? जमिनीपासूनच!” अर्धा तास गेला. चहा गार झाला. अध्यक्ष तेवढे निंबाखाली रुमालाने बूट झटकत उभे होते. मला आठवतं, आम्ही पोरांसारखे दोर एकमेकांच्या हातातून ओढून घेत होतो.

आत आल्यावर सर म्हणाले, “आता तुम्ही भांडला ना, तेवढंच माझं म्हणणं आहे. पोरांना असं भांडता आलं पायजे.”

अध्यक्ष म्हणाले, “आणि मार्क गावकरी देणार? उद्या गुरांना विचाराल.”

“गुरांना पाण्यातलं आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना सही येत नाय म्हणून राहिलं.”

शेवटी गावकऱ्यांचे वीस गुण वगळायचं ठरलं आणि बाकीचा प्रस्ताव मताला टाकला. अध्यक्ष सोडून सगळ्यांचे हात वर गेले. माझाही गेला. पेपर मंजूर झाला. सदस्य बसकडे पळाले, सर सायकलवर बसून गेले.

खोलीत अध्यक्ष आणि मी उरलो. मी अध्यक्षांना म्हणालो, “विषय चार बदलावा लागेल.”

“कशाला? भावनेच्या भरात हात वर झालेत. पुढच्या बैठकीत शांतपणे बघू. आत्ता नवं स्टेन्सिल कापणार कोण, आणि सह्या घ्यायला बीडला जाणार कोण?”

बीडला जाऊ शकलो असतो मी. तासातासाला एसटी होती. पण मी रीडरच्या, म्हणजे बढतीच्या जागेसाठी अर्ज केला होता आणि निवड समितीवर अध्यक्ष होते. शिवाय ऊन मरणाचं होतं, मी दमलो होतो. आणि खरं सांगायचं तर विहिरीवर सगळे ज्या नजरेने सरांकडे पाहत होते ती नजर मला बोचली होती. माझ्या तासाला कुणी दोर ओढून घेतला नव्हता. मी तयार कागद तसाच वर पाठवून दिला. पुढची बैठक झालीच नाही, मंडळाची मुदत संपली. मी रीडर झालो.

सरांनी मात्र जूनपासून पेपर शिकवायला सुरुवात केली. मंजुरीचं परिपत्रक आलेलं नव्हतं, पण आमच्याकडे परिपत्रकं दिवाळीच्या आधी कधी येतच नसत, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. सर मला भेटले की विचारत, “मुन्शी, परिपत्रक?” मी म्हणे, “येईल, सर.” जूनमध्ये म्हणालो. गणपतीत म्हणालो. संक्रांतीला तीळगूळ घेताना म्हणालो. दर वेळी खरं सांगता आलं असतं, आणि दर वेळी सांगणं मागच्या वेळेपेक्षा अवघड झालं होतं.

तीसेक पोरांनी तो पेपर घेतला होता. त्यांत फुलंब्रीच्या अलीकडच्या एका गावची मुलगी होती, घरातली कॉलेजात आलेली पहिली. दर पंधरा दिवसांनी ती विहीर मोजायची. दिवाळीनंतर तिची रेघ अशी खाली वळली की तिने स्वतःच चावडीवर जाऊन सांगितलं, “औंदा गव्हाला पाणी पुरायचं नाय. हरभरा घ्या.” म्हातारे हसले. काहींनी मात्र ऐकलं, हरभरा घेतला, आणि त्यांच्या हाताला पीक लागलं. गहू पेरणाऱ्यांचा होळीच्या आत जळून गेला. सर ही गोष्ट विद्यापीठभर सांगत हिंडले. मलाही सांगितली. मी म्हणालो, “छान आहे.”

परीक्षेचे फॉर्म भरायची वेळ आली आणि कळलं, असा पेपरच नाही. परीक्षा विभागाने माझं इतिवृत्त काढून दाखवलं. प्रस्तावकांनी स्वेच्छेने मागे घेतला. पोरांना जुन्या पेपरला बसावं लागलं, ज्याचं एक पान त्यांनी वाचलेलं नव्हतं, आणि हातात महिना होता. बहुतेक नापास झाले. त्या मुलीच्या वडिलांनी तिला म्हटलं, वर्षभर विहिरीत डोकावून हेच मिळवलंस का, आणि कॉलेज बंद केलं. उन्हाळ्यात तिचं लग्न लावून दिलं.

सर विभागात माझ्या खोलीत आले. बसले नाहीत.

“मुन्शी, कागदावर लिहिलंय, मी मागं घेतलं.”

मी फायली नीट लावत होतो.

“मी घेतलं होतं का रं?”

त्यांच्या आवाजात संशय नव्हता. संशय असता तर मी कदाचित कबूल केलं असतं. ते खरंच विचारत होते. बैठकीच्या आठच दिवस आधी त्यांचा थोरला भाऊ वारला होता आणि त्या दिवसांतलं त्यांना नीट आठवत नव्हतं, हे मला माहीत होतं.

मी म्हणालो, “सर, शेवटी तुम्हीच म्हणालात ना, पुढच्या वर्षी बघू म्हणून.”

त्यांनी खिशातून सायकलची किल्ली काढली. मग म्हणाले, “असंल. डोकं ठिकाणावर नव्हतं तवा.” आणि गेले.

इतरांना विचारलं का त्यांनी? नाही. बीडला एक पोस्टकार्ड टाकायचं होतं. जालन्याच्या बाईंना विचारायचं होतं. पण हा माणूस जगाच्या तोंडावर खरं विचारत हिंडला आणि माझ्यावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवला. मला आजही कळत नाही, यावर चिडावं की काय करावं.

त्या उन्हाळ्यात ते सायकलवरून एकेका पोराच्या गावी गेले. आई-वडिलांसमोर उभं राहून म्हणाले, “चूक माझी. मी मागं घेतलं आणि विसरलो. तुमच्या लेकराचं वर्ष मी घालवलं.” कुणी पाणी दिलं, कुणी शिव्या दिल्या. एका गावात त्यांना दारातूनच परतवून लावलं. हे मला त्या पोरांनीच सांगितलं.

आणि मग त्यांना ती नवी खोड लागली, जिच्यावर विद्यापीठ पुढे कितीतरी वर्षं हसलं. कुणाशीही बोलणं झालं की सर खिशातून वही काढत, आपण काय बोललो ते दोन ओळींत लिहीत आणि समोरच्याला म्हणत, “वाचा, बरोबर असंल तर सही करा.” प्राचार्यांची सही, शिपायाची सही, भाजीवाल्याची सही. पोरं त्यांची नक्कल करायची. स्टाफरूममध्ये ते पिवळ्या नोट्सवाले सहकारी म्हणाले, “आता बायकोचीही घेत असतील.” सगळे हसले, मीही. ही खोड कुठून आली हे एकट्या मला ठाऊक होतं. त्या वहीत माझ्याही बारा-पंधरा सह्या असतील. दर सहीला ते विचारायचे, “बघ, नीट लिहिलंय ना? माझ्यावर भरवसा नाय राहिला माझा.” मी म्हणायचो, “नीट आहे, सर.”

शिकवण्याबद्दल बोलणं त्यांनी हळूहळू कमी केलं. मागच्या बाकावर येऊन बसायचे, पण दारात पोरांना धरणं बंद झालं. अभ्यास मंडळावर परत यायला नकार दिला. “माझ्या हातनं कागद बिघडतो,” म्हणाले. कक्षाची पाटी निघाली, जिन्याखाली जुनी बाकं ठेवली गेली. ते निवृत्त झाले तेव्हा विद्यापीठाने सुटकेचा निःश्वास टाकला. त्यात माझाही एक निःश्वास होता.

निवृत्तीनंतर ते पडेगावला राहायचे. सांगायचं ठरवून मी तिथे दोनदा गेलो आणि राजकारणावर बोलून परत आलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ते फार थकले होते. आजूबाजूला चारमजली इमारती उठल्या होत्या, त्यांचं बसकं घर मध्येच राहिलं होतं. आम्ही चहा घेत असताना एक चाळिशीची बाई आत आली, बरोबर तरणी मुलगी. पाया पडली. “सर, ही माझी थोरली. बारावी झाली. कोणत्या कॉलेजात घालू?”

मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण ती कोण हे कळायला वेळ लागला नाही. सरांनी हात जोडले.

“बाई, तुझं वर्ष माझ्यामुळं गेलं.”

“सर, किती बारी म्हणता हो ते? माझं काय अडलं नाय. गावात सगळे मलाच विचारून पेरतेत अजून.”

“तू म्हणतीस. पण मी विसरलो म्हणून झालं ना ते.”

ती माझ्याकडे वळली. “हे कोण, सर?”

“हे मुन्शी,” सर कौतुकाने म्हणाले. “आमचे सचिव. लई पक्के. यांच्या कागदात कधी चूक व्हायची नाय.”

ती मला नमस्कार करायला वाकली. मी पाय मागे घेतले.

निघालो तेव्हा सर काठी टेकत फाटकापर्यंत आले. आत त्या दोघी मायलेकी होत्या, दोघींना ऐकू गेलं असतं, आणि तेच हवंही होतं. मी म्हणालो, “सर, ती बैठक...”

“सोड रं,” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तुझा काय दोष? मी बोललो ते तू लिहिलंस.”

चार शब्द म्हणायचे होते. सर, तुम्ही विसरला नव्हतात. आणखी तीन म्हणायचे होते. मी खोटं लिहिलं. पुढच्या महिन्यात ते गेले. पण त्या दिवशी ते माझ्यासमोर उभे होते, कान शाबूत होते, हात खांद्यावर होता. मी म्हणालो, “येतो, सर.”